बॉयलर बसवला दुसऱ्याने, सही मागितली माझी

"दादा, बॉयलर एकदम मस्त चालतोय. घर विकायला काढलंय आणि वकील सर्टिफिकेट मागतोय. तुम्ही नुसतं येऊन सही करा, तुमची जी फी असेल ती घ्या."

मी नोंदणीकृत गॅस इंजिनियर. फोनवर होते मंडळाच्या गणपतीत ओळख झालेले एक गृहस्थ. घर इंग्लंडमधल्या स्लाउ गावातलं, सेमी-डिटॅच्ड. आठ महिन्यांपूर्वी मागच्या बाजूला स्वयंपाकघर वाढवलं, तेव्हा बिल्डरनेच ३० किलोवॅटचा कॉम्बी बॉयलर, म्हणजे घरही तापवणारा आणि नळाला गरम पाणीही देणारा, लावून दिला. बिल्डर गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांच्या अधिकृत यादीत, नाही. त्या नोंदणीचं पिवळं कार्ड त्याच्याकडे कुणी मागितलंच नव्हतं.

पहिला प्रश्न विचारला तो असा: वकिलाला नेमका कुठला कागद हवाय? घरमालक मंडळी तीन कागदांची सरमिसळ करतात. इंग्लंडमध्ये बॉयलर बसवला की ज्याने बसवला त्या नोंदणीकृत इंजिनियरने ३० दिवसांच्या आत गॅस सेफकडे कळवायचं असतं. तिथून कौन्सिलला नोंद जाते आणि घरी बिल्डिंग रेग्युलेशन्सचं प्रमाणपत्र येतं. घरविक्रीत विचारतात ते हे. दुसरा कागद सीपी-१२, म्हणजे भाड्याच्या घराची वार्षिक तपासणी. आज, या तारखेला उपकरण सुरक्षित आहे का, एवढंच तो सांगतो. कुणी आणि कसं बसवलं याची जबाबदारी तो घेत नाही. तिसरा म्हणजे बॉयलरच्या पुस्तिकेतलं बेंचमार्कचं पान. सुरू करताना घेतलेली मापं त्यावर भरतात आणि कंपनी वॉरंटीसाठी ते मागते.

त्यांना हवा होता पहिला, आणि तो दुसऱ्याच्या कामावर देता येत नाही. हे काम आमच्या फर्मने केलं, असं कळवणं हाच त्या नोंदीचा अर्थ. न केलेलं काम केलं म्हणून लिहिणं ही खोटी नोंद झाली, मग बॉयलर कितीही छान चालत असो. तपासणी करीन, माझ्या नावाने अहवाल देईन, पण प्रमाणपत्र नाही, हे फोनवरच सांगितलं. त्यांना वाटलं, आल्यावर बघू.

बॉयलर दिसायला देखणा होता. कपाटात सरळ टांगलेला, तांब्याचे पाईप ओळंब्यात, सांधे चकचकीत. मात्र बेंचमार्कचं पान कोरं. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये नवा बॉयलर बसवताना तो बंधनकारक आहे. बाहेर जाऊन फ्ल्यूच्या, म्हणजे बॉयलरचा धूर बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, तोंडाचं अंतर मोजलं. उघडणाऱ्या खिडकीपासून २२० मि.मी. निघालं, हवं ३००. कंडेन्सेटचा, म्हणजे धुरातल्या वाफेचं झालेलं पाणी नेणारा, पाईप २१.५ मि.मी.चाच, बाहेरच्या भिंतीवरून चार मीटर उघडा नेलेला. "जानेवारीत दोनदा बंद पडला होता," ते म्हणाले. पडणारच. घराबाहेर हा पाईप ३२ मि.मी.चा, वर इन्सुलेशन, मीटरला ४५ मि.मी. उतार आणि लांबी तीन मीटरच्या आत लागते. नाहीतर थंडीत आतलं पाणी गोठतं आणि बॉयलर लॉकआउटला जातो, म्हणजे स्वतःच बंद पडतो.

गॅसची गळतीचाचणी मीटरपाशी घेतली. आधी १० मिलिबारवर एक मिनिट, मीटरचा व्हॉल्व्ह आतून गॅस सोडत नाही ना हे पाहायला. मग २० मिलिबार, एक मिनिट स्थिरावू दिलं, दोन मिनिटं पाहिलं. काटा हलला नाही. "बघा, पास!" गृहस्थ खूश.

इथेच बहुतेकांची फसगत होते. गळतीचाचणी पाईप आज गळत नाही एवढंच सांगते. तो सिमेंटच्या कोब्यात आवरणाशिवाय गाडलाय का, भिंतीतून स्लीव्हशिवाय, म्हणजे संरक्षक नळीशिवाय, नेलाय का, हे दाब मोजणाऱ्या मॅनोमीटरला दिसत नाही. आणि पाईपाचा व्यास पुरेसा आहे का, हे तर अजिबातच नाही.

ते कळतं गॅस वाहत असताना. पण बॉयलर चालवण्याआधी फ्ल्यू पाहिला. तो आतल्या छताच्या पोकळीतून सुमारे २.४ मीटर जाऊन मागच्या भिंतीतून बाहेर पडत होता. बॉयलरजवळ तपासणीसाठी ३०० बाय ३०० मि.मी.ची एक खिडकी छताला ठेवलेली होती आणि तिच्यातून पहिला सांधा ठीक दिसला. म्हणून चाचणीपुरता बॉयलर चालवायचं ठरवलं, तेही खिडक्या-दारं उघडून आणि अंगावर कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावून. बॉयलर पूर्ण क्षमतेवर, शेगडीचे चारही बर्नर चालू. मीटरपाशी दाब २०.४ मिलिबार, बॉयलरच्या टेस्ट पॉइंटला १७.०. मधल्या पाईपात कमाल १ मिलिबार पडायला परवानगी, इथे ३.४ पडत होते.

कारण सोपं होतं. मीटरपासून सहा मीटर २२ मि.मी.चा पाईप आणि शेवटचे पाच मीटर १५ चा, त्यात चार एल्बो, म्हणजे वळणाचे सांधे. प्रत्येक एल्बो अर्धा मीटर धरायचा, म्हणजे १५ मि.मी.चा हिशेबी सात मीटर. १ मिलिबारच्या मर्यादेत १५ मि.मी.चा पाईप सहा मीटरवर ताशी १.९ घनमीटर नेतो, नऊ मीटरवर १.५. या बॉयलरला सुमारे ३.१ लागतात. जुना बॉयलर बहुधा लहान असावा आणि बिल्डरने त्याचाच पाईप पुढे ओढला असावा.

शेगडी बंद करून गॅसचा दर मोजला. दोन मिनिटांत ०.०९४ घनमीटर. घनमीटरला ३९.३ मेगाज्यूल धरले तर ग्रॉस (धुरातल्या वाफेची उष्णता धरून) ३०.८ किलोवॅट, १.११ ने भागून नेट (ती वगळून) २७.७. बॉयलरच्या पाटीवर लिहिलेला आकडा ३०.८ नेट. दहा टक्के कमी. घरात हे कुणाला जाणवत नाही. फार तर शॉवर थोडा कोमट वाटतो आणि लोक थंडीला दोष देतात.

मग अ‍ॅनालायझर. त्याने फ्ल्यूतले वायू मोजतात. आधी हवा आत घेणाऱ्या बाजूचं माप. फ्ल्यू नळीत नळी असा असतो, आतल्या नळीतून धूर बाहेर जातो, भोवतालच्या फटीतून ताजी हवा आत येते. त्या फटीत ऑक्सिजन किमान २०.६ टक्के आणि कार्बन डायऑक्साईड ०.२ टक्क्याच्या आत हवा. मिळाला ऑक्सिजन २०.१, कार्बन डायऑक्साईड ०.४. म्हणजे आतली नळी कुठेतरी सुटली होती आणि बॉयलर स्वतःचाच धूर पुन्हा श्वासात घेत होता. खोलीतलं माप मात्र शून्य. बॉयलर तिथेच बंद केला.

दुसरा सांधा छताच्या खिडकीपासून १.७ मीटरवर, तुळईच्या पलीकडे. दर सांधा खिडकीपासून १.५ मीटरच्या आत असावा असा नियम आहे, तो नेमका यासाठीच. प्लास्टरबोर्ड कापणं हे काही गॅसचं काम नाही, म्हणून गृहस्थांनी स्वतःच करवत घेतली. आत पाहिलं तर फ्ल्यूला एकही ब्रॅकेट नाही, मधोमध झोळ पडलेला. फ्ल्यूला बॉयलरकडे मीटरमागे साधारण ५० मि.मी. उतार लागतो, म्हणजे कंडेन्सेट बॉयलरमध्ये परत येतं. इथे ते झोळात साचत होतं, त्या वजनाने झोळ आणखी वाढत होता आणि सांधा ओढला जात होता. नळी हॅक्सॉने कापून कडेला कानस न मारता तशीच घुसवली होती. त्या धारेने रबरी सील कापून खाचेबाहेर ढकललं होतं. बाहेरची नळी जेमतेम १० मि.मी. अडकून होती. तीही सुटली असती तर धूर छताच्या पोकळीत, आणि वर मुलांची खोली.

'इमिजिएटली डेंजरस', म्हणजे तात्काळ धोकादायक, असं वर्गीकरण केलं. त्यांच्या संमतीने गॅस तोडून टोक बंद केलं, बॉयलरला इशाऱ्याची पट्टी लावली, सूचनापत्रावर त्यांची सही घेतली. असा धोका आढळला की १४ दिवसांच्या आत एचएसईला, म्हणजे कामाच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला, कळवणं आमच्यावर बंधनकारक असतं. तेही सांगितलं.

सही करून मोकळा झालो असतो तर? १९९८च्या गॅस सुरक्षा नियमांप्रमाणे बॉयलरवर काम केलं की फ्ल्यू, हवा, दाब किंवा उष्णतेचा दर आणि सुरक्षित चालणं हे तपासायची जबाबदारी काम करणाऱ्याची. पण ते माप घेतल्याने आधीचं काम माझं होत नाही. उलट बाजूही आहे. आधीपासून बोलावलं असेल तर प्लंबरने रेडिएटर आणि पाण्याचे पाईप करावेत, गॅसचा पाईप, फ्ल्यू आणि सुरू करणं माझ्याकडे, यात गैर काही नाही. "गॅसचा पाईप आम्ही ओढतो, तुम्ही शेवटचा सांधा जोडा" ही ऑफर मात्र घेऊ नये. ओढणाऱ्याला तसं करायचा अधिकारच नाही आणि झाकलेला पाईप आपल्याला दिसत नाही. काही सहकारी माप बरोबर आलं की सही देतात. मला ते पटत नाही. या घरात गळतीचाचणीही पास होतीच.

त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. कौन्सिलकडे नंतरची मंजुरी, म्हणजे रेग्युलरायझेशन, मागायची. त्यासाठी दोष काढावेच लागतात आणि कौन्सिल सहसा नोंदणीकृत इंजिनियरचा अहवालही मागते. किंवा सगळं गॅसकाम उतरवून नव्याने करायचं. त्यांनी दुसरी निवडली, वकिलाची घाई होती म्हणून.

तेव्हा बॉयलर भिंतीवरून खाली घेतला. मीटरपासून सहा मीटर २८ मि.मी., पुढे २२. नवा फ्ल्यू दर मीटरला ब्रॅकेट लावून, तोंड खिडकीपासून ४५० मि.मी.वर, छताला दुसरी खिडकी. कंडेन्सेट आतल्या सिंकच्या निचऱ्यात. कॉम्बीला इंग्लंडमध्ये २०१८ पासून वेळ आणि तापमान नियंत्रणाखेरीज आणखी एक उपाय लागतो, म्हणून हवामानानुसार तापमान बदलणारा सेन्सर उत्तरेच्या भिंतीवर. पुन्हा मापं: मीटरला २०.५, बॉयलरला १९.९. दोन मिनिटांत ०.१०४ घनमीटर. हवेच्या बाजूला ऑक्सिजन २०.९. धुरात कार्बन मोनॉक्साईड ७४ पीपीएम, कार्बन डायऑक्साईड ९.२ टक्के, गुणोत्तर ०.०००८, मर्यादा ०.००४. बेंचमार्कच्या कोऱ्या पानावर हे आकडे गेले. बसवल्याची तारीख त्या दिवसाची, आणि गॅस सेफकडे नोंदही त्याच तारखेने.

"आधीच्या आठ महिन्यांचं काय लिहायचं वकिलाला?" त्यांनी विचारलं. जे झालं ते लिहा, सोबत माझा पहिला अहवाल जोडा, असं सांगितलं.

एचएसईच्या फॉर्मवर बिल्डरचं नाव हवं होतं. ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "सध्या तो वहिनींच्या घरी काम करतोय." त्याच कागदाच्या मागे त्यांनी वहिनींचा नंबर लिहून दिला आणि विचारलं, "उद्या जमेल का?"