बहुमताने रंगवलेली मावशी

एके काळी स्टुडिओवाले फोटोवरून ऑइल पेंटिंग करून द्यायचे. चित्र घरी आलं की कौतुकाचं वाक्य ठरलेलं : ‘अगदी फोटोच वाटतो हो!’ आता वारं उलटं फिरलंय. मोबाइलवर फोटो इतके लख्ख निघतात की नाकावरची छिद्रं मोजून घ्यावीत. म्हणून मग लोक विचारतात, ‘याला जरा पेंटिंगसारखं करता येईल का?’

आमच्या मावशीने तेच विचारलं. फोटो वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरचा. नऊवारी, नथ, मागे कृष्णेचं पाणी, घाटाच्या पायऱ्या आणि वर नाना फडणवीसांच्या वाड्याची भिंत.

“अगं, हॉलमध्ये लावायचाय. तैलचित्रासारखा केलास तर कसा घरंदाज दिसेल. आणि सुरकुत्याही जातील आपोआप.”

मला वाटतं, दुसरं कारण आधी सुचलं असावं.

मी गिंप उघडलं. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात ‘ऑइलिफाय’ नावाचा फिल्टर आहे. तो मारला आणि पाणी दाट झालं, दगडांवर रंगाचे थर चढले, वाड्याची भिंत तर फारच देखणी दिसायला लागली. मावशीचा चेहरा मात्र मावशीचा वाटेना. नाकडोळे जागच्या जागी होते, पण त्या चेहऱ्याच्या आत कुणी नव्हतं.

या फिल्टरचा कारभार चक्क निवडणुकीसारखा चालतो. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याभोवती तो एक वर्तुळ आखतो. त्यात येणाऱ्या ठिपक्यांचे उजळपणानुसार गट पाडतो. ज्या गटात ठिपके जास्त, तो गट निवडून आला. त्याचा सरासरी रंग मधल्या ठिपक्याला द्यायचा. वर्तुळ मोठं केलं की कुंचला जाड झाल्यासारखा दिसतो. आकाश, पाणी, भिंत यांना काही फरक पडत नाही, तिथे एकाच पक्षाचं राज्य. सुरकुती म्हणजे गडद ठिपक्यांची बारीक रेघ, ती अल्पमतात, म्हणून जाते. पण डोळ्यांतला उजेडाचा पांढरा ठिपकाही अल्पमतातच असतो. नथीच्या मोत्यावरची चमकही. दोघांचं डिपॉझिट जप्त.

चित्रकार बरोबर उलटं करतो. सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ आठवा. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, हातात दिवा घेतलेल्या बाईचं ते चित्र अनेक जण राजा रविवर्म्याचं समजतात, तैलरंगातलं समजतात. आहे हळदणकरांचं, आणि जलरंगातलं. चित्रात सावलीच जास्त. मतं मोजली तर अंधार प्रचंड बहुमताने यायचा. पण नजर जाते ती ज्योतीवर आडव्या धरलेल्या हाताकडे, बोटांतून झिरपणाऱ्या तांबूस उजेडाकडे. पारदर्शक जलरंगात तर असा उजेड मागाहून चढवायची सोयही फारशी नसते. कागद कुठे कोरा राखायचा, हे आधीच ठरवावं लागतं.

आणखी हुशार फिल्टर आहेत. कुवाहारा नावाचा एक फिल्टर 1976 सालचा, हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमा साफ करण्यासाठी जपानी संशोधकांनी काढलेला. तो ठिपक्याभोवतीचे चार चौकोन तपासतो आणि ज्यात रंगांची उलथापालथ सर्वांत कमी, त्याची सरासरी घेतो. त्यामुळे पायऱ्यांच्या कडा शाबूत राहतात. दवाखान्यासाठी निघालेला हा फिल्टर आता फोटोंची चित्रं करतो, याची मला गंमत वाटते. मग 2015 मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी एका चित्राची शैली दुसऱ्या फोटोवर चढवायची रीत शोधली आणि पुढच्याच वर्षी प्रिझ्मा ॲपमुळे जो तो आपला डीपी रंगवत सुटला. व्हॅन गॉगच्या रात्रीच्या आकाशातले भोवरे लोकांच्या गालांवर आले. मूळ चित्रात मात्र आकाश घुसळून निघत असताना खालच्या गावातल्या घरांचे फटकारे आखूड आणि शांत आहेत. कुठे थांबायचं, हे व्हॅन गॉगला माहीत होतं.

मी दोन लेयर घेतले : खाली मूळ फोटो, वर तैलरंगी. वरच्या लेयरला मास्क लावला. मास्कवर पांढरं असेल तिथे रंग दिसतो, काळं फिरवलं की खालचा फोटो उघडा पडतो. त्याआधी पायरीवरची प्लॅस्टिकची पिशवी आणि कुणाची तरी बादली काढून टाकली. वाड्याच्या भिंतीला मोठं वर्तुळ दिलं, पदराला मध्यम, चेहऱ्याला अगदी लहान. डोळ्यांवर आणि मोत्यांवर काळं फिरवलं. फोटोवर कापडाची वीण उमटवणारा इफेक्टही असतो, तो मला सहन होत नाही. प्रिंट कॅनव्हासवरच काढायची असेल तर कापडावर कापड कशाला?

डोळे उघडे केल्यावर मावशी आली, पण येताना कडेच्या सुरकुत्या घेऊन आली. हसली की डोळ्यांबरोबर त्याही हसतात, वेगळ्या काढता येत नाहीत.

मावशीने स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं. “डोळे छान आलेत गं,” म्हणाली, “पण सुरकुत्यांपुरतं फेरमतदान घे.”

मास्कवर काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये करड्या छटाही असतात. करडा फिरवला की दोन्ही लेयर थोडे थोडे दिसतात. बरीच घासाघीस होऊन डोळ्यांच्या कोपऱ्यांपाशी आम्ही करड्यावर तडजोड केली. तिथे आता आघाडी सरकार आहे, आणि मावशीचा त्याला बाहेरून पाठिंबा.