पांढरी चार म्हणजे फा

ऑर्केस्ट्रात मी अकरा वर्षं बेस गिटार वाजवली. गणपती, नवरात्र, हळदी, कंपन्यांची गॅदरिंग. तिथे कागद नसतो. गायिका स्टेजवर चढता चढता सांगते, "दादा, घसा बसलाय, काळी चार नको, पांढरी पाच घ्या." ही पेटीच्या पट्ट्यांची नावं, पांढरी पाच काळी चारच्या अर्धा सूर खाली. डावा हात एक फ्रेट, म्हणजे गिटारच्या दांड्यावरचा एक घर, मागे घ्यायचा की झालं.

त्यामुळे अंधेरीच्या एका स्टुडिओतून जिंगलसाठी बोलावलं तेव्हा भीती वाटलीच नाही. आत गेलो तर स्टँडवर कागद. पाच रेघा, डाव्या कडेला तीन फ्लॅट, म्हणजे सूर अर्ध्याने उतरवायच्या खुणा, आणि पहिलाच सूर रेघांच्या खाली, एका छोट्या जादा रेघेवर टांगलेला. मी वाचल्याचा आव आणला, पायलट ट्रॅक, म्हणजे गाण्याचा कच्चा नमुना, एकदा ऐकला आणि कानाच्या भरवशावर वाजवायला घेतलं.

पट्टी होती काळी दोन. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची मोकळी तार पांढरी तीनची, म्हणजे कागदावरचा पहिला सूर माझ्या वाद्यात नव्हताच. वाचता येणाऱ्याने ती तार आधीच अर्धा सूर उतरवून ठेवली असती. मी तो वरच्या सप्तकात वाजवला. ते एक वेळ खपलं असतं. पण सातव्या बारनंतर, म्हणजे तालाच्या सातव्या घरानंतर, दोन बार रेस्ट होता, गप्प बसायची जागा, आणि मी त्यातून बिनदिक्कत वाजवत गेलो. ऑर्केस्ट्रात बेस थांबला तर ढोलकीवाला वळून बघतो, इतकी ती सवय अंगात मुरलेली. काचेपलीकडून अरेंजर, म्हणजे वाद्यांचे कागद लिहून देणारा, म्हणाला, "ठीक आहे, बाकीचं कीबोर्डवर करून घेऊ." पैसे पूर्ण दिले. त्यानंतर नऊ महिने तिथून फोन नाही.

मग एका ओळखीच्या सॅक्सोफोनवाल्याने माहीमच्या अंकलकडे धाडलं. अंकल सत्तरीच्या पुढचे, मूळचे गोव्याचे, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवलेले. पोर्तुगीज अमलात गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना सोल्फेज, म्हणजे डो-रे-मी म्हणत कागद वाचणं, आणि व्हायोलिन शिकवत. हिंदी सिनेमाचे नामांकित अरेंजर, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर चर्चच्या कॉयरमास्टरचेच चिरंजीव. मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये कागद वाचणारी इतकी गोव्याची माणसं का होती, हे मला तिथे बसून कळलं.

दोन महिने अंकलनी मला गिटार केसमधून काढू दिली नाही. "बोटां मागीर, बाबा. आधी तोंड." टेबलावर डाव्या हाताने ठेका, उजव्या हाताने लिहिलेली लय, तोंडाने डो-रे-मी. शेजारची पोरं दारातून बघून हसायची.

माझं घोडं अडलं ते 'सा'पाशी. आपला सा गायकाबरोबर फिरतो, अंकलचा डो पांढरी एकवर खिळा मारून ठोकलेला. मी कागद बघून मनात सरगम लावायचो आणि पट्टी बदलली की साफ चुकायचो. शेवटी तोड निघाली ती आईच्या भजनी मंडळातून, कारण पेटीच्या पट्ट्या मला लहानपणापासून पाठ. रेघांच्या सुरुवातीला बेस क्लेफ नावाची खूण असते, तिला दोन टिंबं असतात, त्यांच्या मधली रेघ म्हणजे फा. फा म्हणजे पांढरी चार. गिटारवर डी तारेचा तिसरा फ्रेट. एवढा एक खुंटा पक्का रोवला आणि तिथून वर-खाली मोजत गेलो. अंकलना ही पद्धत अजिबात आवडली नाही, पण सूर बरोबर येतोय म्हटल्यावर गप्प बसले.

रेस्ट वाचायला सुरांपेक्षा जास्त दिवस लागले. बेसची तार सोडून दिली तर घुमत राहते, ती हाताने दाबून गप्प करावी लागते, आणि नेमकी कधी करायची तेही लिहिलेलंच असतं. मी लांबवली की अंकल पलीकडून हात घालून माझं मनगट धरायचे. पुस्तकं चेलोची होती. क्लेफ तोच, फक्त बेस लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो.

स्टुडिओत आणखी एक गोष्ट अंगावर येते. बेस अँपमधून नव्हे, डीआय बॉक्स नावाच्या डबीतून वायरने थेट कन्सोलला जातो आणि बोट सरकल्याची चर्रही हेडफोनमध्ये ऐकू येते. मी भांडी घासायच्या स्पंजची पट्टी कापून ब्रिजपाशी, जिथे तारा टेकतात तिथे, तारांखाली सरकवतो. हे माझं डोकं नाही. साठच्या दशकात डेट्रॉइटला मोटाउनसाठी वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सनच्या बेसवर तिथे फोम असायचा. तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा आणि तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही. आम्ही दर दोन महिन्यांनी नवे सेट घेतो ते कशाला, देव जाणे.

एक फायदा मात्र आहे. माइक नसल्याने चाळीत शेजारी आरती चालू असतानाही घरून ट्रॅक पाठवता येतो. फक्त ट्यूबलाइट बंद करायची, नाहीतर पिकअपमध्ये, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकात, हम्म येतो.

अकराव्या महिन्यात दुसऱ्याच एका अरेंजरचा फोन आला. कागदावर सुरुवातीलाच बारा बार रेस्ट. गिटार गळ्यात, लयीची टिकटिक, म्हणजे क्लिक, कानात, आणि मी बुटातल्या अंगठ्याने बार मोजतोय. तेराव्याला शिरलो. गाणं संपलं. टॉकबॅकवर आवाज आला, "एक सेफ्टी घेऊन टाकू." सेफ्टी म्हणजे हाताशी ठेवायचा जादाचा टेक; तो मागितला म्हणजे पहिला टेक पसंत पडलाय, हे मला तोवर माहीत झालं होतं.

पेमेंट साडेतीन महिन्यांनी आलं, १० टक्के टीडीएस कापून. आणखी खालचे सूर देणारा पाच तारांचा बेस अजून परवडत नाही. काळी दोनचा कागद आला की खालची तार अर्धा सूर उतरवतो. मग त्या एका तारेवर प्रत्येक सूर एक फ्रेट पुढे सरकतो, तेवढं ध्यानात ठेवावं लागतं.