लोफोटेनमधला 'विकार' : पेडलची उन्हाळी नोंद

नॉर्वेत सुट्टीवर गेलेल्याच्या जागी जो तात्पुरता येतो त्याला 'विकार' म्हणतात. वसईला फोन करून आईला सांगितलं, "मी चार आठवडे विकार झालोय," तर पलीकडे क्षणभर शांतता. मग, "डॉक्टरला दाखवलंस का?"

तर जुलैभर मी लोफोटेन बेटांवरच्या स्वोल्वेरजवळ एका लहान लाकडी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा विकार होतो. ऑर्गन दोन मॅन्युअलचा, म्हणजे हातांसाठी पट्ट्यांच्या दोन रांगा; स्टॉप, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांचे नळ्यांचे संच, अकरा; पायांनी वाजवायच्या पेडलला तीस पट्ट्या. शेजारच्या काबेलवोगला १८९८ सालचं ते मोठं लाकडी चर्च आहे, बाराशे माणसं बसतील असं. कॉडच्या हंगामात बाहेरून येणाऱ्या कोळ्यांसाठी एवढं बांधलेलं. आमच्याकडे रविवारी तीस-पस्तीस टाळकी.

माझं एक जुनं दुखणं आहे : डाव्या हाताची करंगळी. वसईत दहा वर्षं कीबोर्डवर गायनमंडळाला साथ केली, तिथे टेनर आणि बेस, म्हणजे खालच्या दोन्ही सुरावटी, डाव्या हाताकडे. नॉर्वेतल्या त्रोंधाइमला ऑर्गन शिकायला आल्यावर बेस पायांकडे गेला, पण करंगळीला ते कोणी सांगितलंच नाही. पाय खालचा सूर देतात, ती तोच सूर वर देते. ऐकायला भरदार वाटतं आणि तिथेच फसगत होते. पाय चुकला की करंगळी ते झाकून घेते, मग पाय कशाला शिकतील?

यावेळी दोन उपाय केले. एक, अनामिका आणि करंगळीच्या बेचक्यात खोडरबर. उजवा हात मांडीवर ठेवायचा, फक्त टेनर आणि पेडल वाजवायचं; रबर पडलं की ओळ पहिल्यापासून. पहिल्या दिवशी एका भजनाच्या चार ओळींत ते नऊदा पडलं. दुसरा उपाय जास्त कामाचा निघाला. डावा हात वरच्या मॅन्युअलवर, तिथे 'आठ फुटी बासरी' हा मऊ आवाजाचा स्टॉप एकटाच. उजवा खाली प्रिन्सिपालवर, म्हणजे ऑर्गनच्या मुख्य, भरदार स्टॉपवर. करंगळीने बेसला हात घातला रे घातला की वेगळ्या आवाजात चोरी उघडी पडते.

वेळेची चंगळ होती. मध्यरात्रीचा सूर्य इथे जुलैच्या मध्यापर्यंत असतो. रात्री साडेअकराला उत्तरेच्या खिडकीतून ऊन सरळ मॅन्युअलवर, आणि बाहेर क्रिक्ये नावाच्या कुरव पक्ष्यांचा कालवा. ते इमारतींच्या खिडक्यांवरच घरटी करतात. हळू स्टॉप लावले की ऐकू येतात तेच.

तिसऱ्या आठवड्यात लग्न होतं. वधूच्या प्रवेशाला जेरेमाया क्लार्क या जुन्या इंग्रज संगीतकाराचं मार्च, अर्थात ट्रंपेट स्टॉपवर. आदल्या संध्याकाळी सगळं झकास. लग्नाच्या दिवशी नेमकी उष्णतेची लाट, चर्च आठेक अंशांनी तापलेलं. हवा तापली की साध्या नळ्यांचा सूर चढतो, अंशाला साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). ट्रंपेटचा सूर मात्र मुख्यतः नळीतल्या पितळी जिभेवर ठरतो, तो जवळपास जागच्या जागी राहतो. म्हणजे ट्रंपेट उतरला नव्हता, बाकीचा ऑर्गनच जवळजवळ पाव अर्धस्वराने वर गेला होता. पेटीवाल्यांना हे सांगायला नको. पण माझ्या पोटात गोळा आला. जिभांच्या तारा ठोकून सूर मिळवता येतात, पण विकाराने दुसऱ्याच्या ऑर्गनला हात लावू नये, एवढी अक्कल होती. ट्रंपेट बंद करून प्रिन्सिपालवर मिक्श्चर, हा उंच, चमकदार सुरांचा स्टॉप, चढवला. निळ्या बुनादमधली, म्हणजे नॉर्वेच्या पारंपरिक पोशाखातली, वधू चालत आली, कोणाच्या काही लक्षात आलं नाही. निदान कॉफीच्या वेळी कोणी बोललं तरी नाही.

चर्चमागे कॉड वाळवायच्या लाकडी मांडण्या, त्यांना 'ह्येल' म्हणतात. आपल्या बोंबलांच्या वलांड्यांची थोरली बहीणच. मासे फेब्रुवारी ते मे तिथे टांगतात, मीठ न लावता, नुसत्या गार वाऱ्यावर. जुलैत मांडण्या रिकाम्या. वास मात्र मुक्कामाला. मला त्याचा त्रास नाही, मी अर्नाळ्याच्या बाजूचा.

शेवटच्या रविवारी पेटर डासचं भजन होतं. हा उत्तर नॉर्वेतल्या नूरलान प्रांतातल्या अल्स्ताहाउगचा कवी-पाद्री. १७०७ मध्ये तो गेला तेव्हा तिकडच्या नावाड्यांनी शिडांवर काळं कापड लावलं, असं सांगतात. लोकांनी पुस्तक न उघडता म्हटलं. मला पहिल्यांदाच पायांकडे न बघता त्यांच्या श्वासाकडे कान देता आला. तिसऱ्या कडव्यात करंगळी एकदा घसरली.

बूट तेच, वसई स्टेशनबाहेरच्या चांभाराकडून चामडी तळ मारून घेतलेले. डाव्याची टाच झिजलीय. आता बाखचं बीडब्ल्यूव्ही ६३९ (बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) घेतलंय : पेडलला सलग आठवे, म्हणजे एक-अष्टमांश स्वर, डाव्या हाताला त्यांच्या दुप्पट वेगाचे सोळावे. मेट्रोनोम आठव्याला ४४ वर आहे, ५६ पर्यंत न्यायचाय. खोडरबर परत काढलंय.