ऑटोकॉकरचा डेलरिन बोल्ट घरच्या लेथवर : माझा अनुभव

ऑटोकॉकर हा पेंटबॉलचा मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारणारी वायूवर चालणारी बंदूक. त्याचं उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली, पण जुन्या बॉडी अजून सुरेख चालतात. अडतं ते बोल्टपाशी, म्हणजे गोळीमागे सरकणाऱ्या दट्ट्यापाशी. बाजारातला बोल्ट एका ठरावीक मापाने केलेला असतो. जुन्या बॉडींपैकी काही मधल्या काळात होन झालेल्या (आतून घासून गुळगुळीत केलेल्या), काही नव्याने अॅनोडाइज झालेल्या (वर ऑक्साइडचा थर चढवलेल्या). एकीत सैल बसणारा बोल्ट दुसरीत अडकतो. म्हणून इथे मिशिगनमध्ये, गॅरेजातल्या छोट्या लेथवर, आपल्याच बॉडीच्या मापाने बोल्ट काढायचं ठरवलं. खाली दिलेली मापं माझ्या बॉडीची आहेत, ती तशीच उचलू नका.

ज्यांनी हा मार्कर उघडून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: बॉडीत दोन नळ्या एकावर एक असतात. खालच्या नळीत हॅमर आणि व्हॉल्व्ह, वरच्या नळीत बोल्ट. हॅमर व्हॉल्व्हवर आदळला की वायू मधल्या भोकातून वर येतो, बोल्टच्या पोटातल्या भोकातून, म्हणजे पोर्टमधून, आत शिरतो आणि पुढे बसलेल्या गोळीला ढकलतो. मागच्या बाजूला बोल्ट एका पिनने बॅक ब्लॉकला जोडलेला असतो. फायर होताना बोल्ट पुढे, बंद स्थितीत असतो. म्हणजे तो वेगाने धावायला नको आहे. त्याने नेमक्या जागी थांबायला हवं आणि वायू मागे सोडता कामा नये.

पहिलं माप वरच्या नळीच्या बोअरचं, म्हणजे आतल्या पोकळीच्या व्यासाचं. टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटरने पुढे, मध्ये, मागे, आणि प्रत्येक जागी उभं-आडवं असं घेतलं. व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांना सपाट कडा असतात, त्यामुळे लहान भोकात तो माप कमी दाखवतो. या कामाला तो चालत नाही. सगळ्यांत लहान आकडा 17.50 मिमी आला, तोच धरला. दुसरं माप पिनच्या मध्यापासून पोर्टच्या मध्यापर्यंतचं. जुन्या बोल्टवरून हे घेऊ नये, कारण त्याचं पिनचं भोक बहुधा लांबट झालेलं असतं. बॉडीच्या मागच्या कडेपासून वायूच्या भोकाची जवळची आणि लांबची कड डेप्थ रॉडला बारीक वाकडी तार लावून मोजली, दोन्हींची सरासरी काढली, आणि त्यात ब्लॉकच्या पुढच्या तोंडापासून पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर मिळवलं.

माल म्हणून पाऊण इंची, म्हणजे 19.05 मिमीचा अॅसिटाल या कडक प्लास्टिकचा रॉड. दुकानदार सगळ्यालाच डेलरिन म्हणतात, पण खरं डेलरिन होमोपॉलिमर आहे आणि त्याच्या रॉडच्या मध्यभागी कधीकधी सच्छिद्र रेघ असते. पुढच्या भागात ती ड्रिलमध्ये निघून जाते. मागचा भाग भरीव राहतो, तिथे नेमकं पिनचं भोक येतं. कापलेलं तोंड उजेडात धरून पाहावं, मधोमध पांढुरका ठिपका दिसला तर को-पॉलिमर घ्यावा.

आता फिट. सगळा खेळ इथे आहे. अॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉन वाढतं, अॅसिटाल सुमारे 110. हिवाळ्यात गॅरेज 5 अंशांवर असतं. तिथे 0.03 मिमीची फट ठेवून केलेला बोल्ट लोण्यासारखा सरकतो. तोच मार्कर जुलैच्या दुपारी 35 अंशांवर गेला की बोल्ट 0.058 मिमी फुगतो, बोअर फक्त 0.012 ने. फट संपते आणि वर 0.016 मिमीचा आवळ येतो. मग बोल्ट अडखळतो, आणि मैदानावर लोक काय करतात, तर रॅमचा, म्हणजे बोल्ट मागे-पुढे हलवणाऱ्या छोट्या सिलिंडरचा, दाब वाढवतात. बोल्ट जोराने पुढे येतो आणि अर्धवट बसलेल्या गोळ्या कापतो. दोष बोल्टच्या व्यासाचा, शिक्षा गोळ्यांना. म्हणून रॉड आणि बॉडी दोन्ही घरात 20 अंशांवर रात्रभर ठेवून तिथलं माप धरलं आणि फट 0.06 ठेवली: बोल्ट 17.44 मिमी. 35 अंशांवरही पावणेचार शतांश मिमीच्या आसपास जागा उरते.

टर्निंगला एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूल, दगडावर घासून वस्तऱ्यासारखी धार केलेलं. कार्बाइडची सर्वसाधारण इन्सर्ट डेलरिन कापत नाही, दाबते. 19 मिमीला 1200 आरपीएम पुरेसे. चिप तुटत नाही, लांब दोरा निघतो आणि चकला गुंडाळतो. फीड मधेमधे थांबवायची, आणि तो दोरा चक फिरत असताना हाताने कधीच ओढायचा नाही. ग्राइंडरच्या ठिणग्यांपासून हा कचरा लांब ठेवा. अॅसिटालची ज्वाळा फिकट निळी, जवळजवळ अदृश्य असते आणि धुरात फॉर्माल्डिहाइड असतं.

आधी सगळीकडे अर्धा मिमी जास्त ठेवून रफ काम, ड्रिलसुद्धा याच टप्प्यात, मग रात्रभर विसावा. आतला ताण सुटला की रॉड किंचित वाकतो. फिनिश पास त्यानंतरच. कट घेतल्या घेतल्या मायक्रोमीटर लावू नका, गरम डेलरिन मोठं दिसतं आणि उष्णता सोडायला वेळ लावतं.

पुढून 10 मिमीचं ड्रिल. साधं ड्रिल डेलरिनमध्ये स्वतःच ओढलं जातं, टेलस्टॉकमधून सुटूही शकतं. पितळेसाठी करतात तसं त्याच्या कापणाऱ्या कडेवर दगड फिरवून रेक, म्हणजे धारेचा कल, शून्य केला की ते शहाण्यासारखं चालतं. 12 मिमीचा मोह आवरा: ओ-रिंगच्या खाचेखाली भिंत जेमतेम 1.15 मिमी उरते, 10 ला ती 2.15 असते. खोली पोर्टच्या मागच्या कडेपर्यंतच. त्यापुढची पोकळी वायू खाते आणि वेग घटवते.

ओ-रिंग 015 नंबरची: आतला व्यास 14 मिमी, जाडी 1.78. सरकत्या सीलच्या नेहमीच्या तक्त्याप्रमाणे जास्त आवळलं तर बोल्ट जड जातो. रिंग साधारण 10 टक्के दाबली जावी म्हणून खाचेचा व्यास 14.30 ठेवला, म्हणजे बोअरच्या भिंतीपर्यंत 1.60 मिमी, रुंदी 2.4. एक रिंग पोर्टच्या पुढे, एक मागे. खाचेचा तळ चकचकीत हवा, कडा अगदी किंचित मोडलेल्या. बोल्टच्या पुढच्या तोंडाला बाहेरून 0.8 मिमी गोलाई आणि आतून उथळ वाटी. धारदार कड गोळीचं जिलेटिनचं कवच कापते.

पोर्ट आणि पिन यांचा कोन चुकला तर बाकी सगळं वाया. दोन्ही भोकं व्ही-ब्लॉकमध्ये (गोल माल धरणाऱ्या खाचेच्या ठोकळ्यात) घेतली. पिन वरून येते, पोर्ट खाली. म्हणून पिनचं भोक आरपार केलं आणि बोल्ट उलटवताना त्यातून घट्ट पिन घालून ती गुण्याने सरळ उभी केली. पोर्ट बॉडीच्या भोकापेक्षा 0.4 मिमी मोठं ठेवलं, तेवढी अंतराची चूक खपते. आत पोर्ट जिथे बोअरला मिळतं तिथे बारीक मिशा राहतात, त्या वाकड्या ब्लेडने काढा. पिनच्या भोकात मी पितळी बुश दाबून बसवला, 0.05 मिमी आवळ ठेवून. स्टीलची पिन डेलरिनवर थेट आपटत राहिली तर भोक लंबगोल होतं आणि पोर्ट पुढे-मागे सरकतं.

चाचणी आधी गॅस नसताना. ओ-रिंगशिवाय बोल्ट बॉडी उभी धरल्यावर स्वतःच्या वजनाने उतरला पाहिजे. रिंग आणि ग्रीसच्या पातळ थरासह एका बोटाने सरकला पाहिजे. मग गॉगल लावून टाकी जोडली आणि गोळी न भरता फीड नेकवर (गोळ्या आत पडतात त्या नळीच्या तोंडावर) टिश्यू पेपर ठेवला. फायर करताना कागद उडाला तर पुढची रिंग गळते आहे. शेवटी क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, लक्ष्य 280 फूट प्रतिसेकंद, म्हणजे सुमारे 85 मीटर. स्प्रिंग तीच ठेवूनही वेग जुन्या बोल्टपेक्षा बराच कमी आला तर आधी पोर्टची जुळणी तपासा. स्प्रिंग आवळून वेग भरून काढणं सोपं, पण मग प्रत्येक शॉटला वायू फुकट जातो.

पुढची रिंग दर वेळी फीड होलच्या कडेवरून जाते. ती कड बॉडीच्या आतून बोटाला टोचत असेल तर नवी रिंगही लवकरच अर्धचंद्राकार कापली जाते. 400 नंबरच्या पॉलिश पेपरची गुंडाळी लाकडी काडीवर चढवून फक्त कड मोडायची, बोअरला हात लावायचा नाही. मग बॉडी धुऊन, अॅल्युमिनियमची पूड पूर्ण निघाल्याची खात्री करूनच बोल्ट आत घालायचा.