पहिलंच मतदान आणि एकदम 10 प्रपोझिशन्स (कॅलिफोर्निया, माझा अनुभव)

सिटिझनशिप मिळाल्यावर नोव्हेंबर 2024 ची माझी पहिलीच निवडणूक. भारतात मतदान म्हणजे रांग लावायची, बटण दाबायचं, बोटाला शाई, झालं. इथे सॅन होजेला टपालाने मतपत्रिका घरी आली, त्यात उमेदवार तर होतेच पण पुढे राज्याची 10 प्रपोझिशन्स, म्हणजे कायदा हवा की नको ते थेट आपल्यालाच विचारलेलं, हो किंवा नाही.

आधी म्हटलं जाहिराती बघून ठरवू, पण 33 आणि 34 नी डोकं फिरवलं. 33 घरभाड्यावर मर्यादा घालायचा अधिकार शहरांना देणारं, 34 औषधांतून मिळणारा पैसा पेशंटवरच खर्च करा म्हणणारं, वाचून वाटतं किती चांगलं. मग पैसे कोणी लावले ते शोधलं तर 33 च्या मागे एड्स हेल्थकेअर फाउंडेशन, म्हणजे औषधांतून पैसा मिळवणारी आणि तोच प्रचारात लावणारी आरोग्य संस्था, आणि 34 च्या मागे अपार्टमेंटवाल्या मालकांची संघटना, म्हणजे 33 ला पैसा पुरवणाऱ्याचेच हात 34 ने बांधायचे! हे जाहिरातीत कुठे सांगतात. तेव्हापासून मी आधी पैसा कोणाचा ते बघते.

खरा उपयोग झाला राज्याकडून येणाऱ्या गाइडचा. ते हिंदीतही मिळतं, सासूबाईंनी तेच वाचलं. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद असतात पण मी आधी लेजिस्लेटिव्ह ॲनालिस्टचं, म्हणजे राज्याच्या तटस्थ अभ्यासकाचं विश्लेषण वाचायचे, हो केलं तर काय होईल, नाही केलं तर काय, खर्च किती. 2 आणि 4 प्रत्येकी 10 अब्ज डॉलर्सचे बाँड, म्हणजे कर्जच, व्याजासकट फेडायचं, हे तिथेच नीट कळलं. तीन संध्याकाळी गेल्या यात.

सगळ्यात लागलं ते 6 चं. कैद्यांकडून सक्तीने काम करून घेणं बंद करायचं होतं, गाइडमध्ये विरोधात कोणी एक ओळसुद्धा दिली नव्हती, मला वाटलं आरामात पास होणार. पडलं! मतपत्रिकेवर शब्द होता 'इनव्हॉलंटरी सर्व्हिट्यूड', म्हणजे मनाविरुद्ध राबवून घेणं, आमच्या ओळखीतल्या दोघांना तो कळलाच नाही म्हणून त्यांनी नाही केलं. त्याच दिवशी शेजारच्या नेवाडात असाच प्रस्ताव होता, त्यात गुलामगिरी हा शब्द सरळ लिहिलेला, तो पास झाला. मला फार वाईट वाटलं, त्या दोघांशी मी आधी बोलायला हवं होतं.

2025 च्या नोव्हेंबरात मतदारसंघांच्या नकाशाचं प्रपोझिशन 50 आलं, एकच होतं, तेव्हा त्या दोघांना घरी चहाला बोलावलं आणि गाइड मधे ठेवून सगळं मोठ्याने वाचून काढलं.