सिंहगडाचे 12 रविवार आणि सावनदुर्गाची एक सकाळ

ऑक्टोबरपासून सलग 12 रविवार पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड केला. पहिल्या दिवशी गडाचा पुणे दरवाजा गाठायला 1 तास 25 मिनिटं लागली होती, शेवटच्या रविवारी 58. मधे दोनदा वेळ उलट वाढली. एकदा आदल्या रात्री लग्नाचं जेवण होतं, दुसऱ्यांदा कारण काही सापडलं नाही. वजन तेवढंच आहे. वर ताक आणि पिठलं-भाकरी असल्यावर ते उतरणार तरी कसं!

ही सगळी तयारी सावनदुर्गासाठी. बेंगळुरूजवळ मागडीच्या बाजूला 1226 मीटर उंचीचा अखंड ग्रॅनाइटचा डोंगर. उंचीला आपला तोरणा (1403 मीटर) त्याहून मोठा, त्यामुळे मी जरा टेचातच गेलो होतो.

ती टेच पहिल्या 20 मिनिटांत उतरली. दमामुळे नव्हे, दम पुरला. पण हात कुठे लावायचे तेच कळेना. आपल्या सह्याद्रीचा कातळ थरांचा. लाव्हा एकावर एक वाहत आला, त्यामुळे कड्यातही पायऱ्या, खाचा, धरायला काहीतरी मिळतंच. सावनदुर्गाचा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश थिजलेला, तोही साधारण 250 कोटी वर्षांपूर्वी. आपला बेसाल्ट त्यापुढे पोर, जेमतेम साडेसहा कोटींचा. हा डोंगर झिजतो तोही कांद्यासारखा, पापुद्रे सुटत. म्हणून समोर नुसती गुळगुळीत गोल पाठ. ना खाच, ना झुडूप. खडकावर रंगवलेले पांढरे बाण तेवढे वर जातात.

मी सवयीने पुढे वाकलो, तळवे टेकवले आणि दोन्ही पाय मागे सरकायला लागले. मागून मावसभाऊ ओरडला, "दादा, वाकतोस कशाला? सरळ उभा राहा की!" भीतीच्या नेमकं उलट करायचं होतं. वाकलं की वजन हातांवर जातं, बूट हलके पडतात आणि घसरतात. सरळ उभं राहून अख्खा तळवा टेकवला की ग्रॅनाइटचे खरखरीत स्फटिक सोल असा पकडतात की विचारू नका. कोरडा असेल तरच, अर्थात. पावसाचं पाणी जिथून ओघळतं तिथले काळे पट्टे मी लांबूनच टाळले.

माथ्यावर नंदीचा मंडप. त्याच्या सावलीत बसलं की खाली मंचनबेले धरणाचं पाणी दिसतं. सिंहगडावरून दिसणारं खडकवासला आठवलं, पण इथे चहूकडे सपाटी आणि मधेच उगवलेले एकेकटे गोल डोंगर. आपल्यासारखी रांगेमागे रांग नाही. मला रांगाच आवडतात, हे तिथे बसून पक्कं झालं.

उतरताना मात्र धीर सुटला. दोन टप्पे चक्क बसून घसरत उतरलो. पँटची मागची बाजू कामातून गेली. बुटांचा सोलही टाचेपाशी सुटलाय. चार महिन्यांत! दुकानदार म्हणतो, "तुम्ही फार वापरता."

आता 58 मिनिटांचा नाद सोडलाय. पुढचे रविवार आतकरवाडीच्या चढावर हात न टेकता, गुडघे थोडे वाकवून, सावकाश उतरायचा सराव. गेल्या खेपेला शेवटच्या घसाऱ्यावर तीनदा हात टेकले.