67,00,417 ही मूळ संख्या आहे, हे हाताने तपासताना

एका प्रसिद्ध मोठ्या संख्येचे अवयव पाडताना 641 या पहिल्या अवयवापर्यंत सगळे पोचतात. पुढचं कुणी दाखवत नाही, याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

संख्या आहे 4,29,49,67,297. म्हणजे 2 चा 32वा घात अधिक 1. 2 च्या 1, 2, 4, 8, 16 अशा दुप्पट होत जाणाऱ्या घातांत 1 मिळवून येणाऱ्या 3, 5, 17, 257, 65,537 या मूळ संख्या निघाल्या, म्हणून अशा सगळ्याच संख्या मूळ असतात असं गणितज्ञ फर्मा मानायचा. 1732 मध्ये गणितज्ञ ऑयलरने ही 32व्या घाताची संख्या फोडली: 641 गुणिले 67,00,417. कोल्हापुरात माझ्या शिकवणीतल्या दहावीच्या पोरांसमोर मला हे कॅल्क्युलेटरशिवाय फळ्यावर करायचं होतं. 641 ने भाग जातो हे झटक्यात पटतं, कारण 641 म्हणजे 5 गुणिले 128 अधिक 1, आणि 625 अधिक 16 सुद्धा. म्हणजे 641 ने भागताना 5 गुणिले 128 ची बाकी उणे 1, त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे 625 गुणिले 2 चा 28वा घात याची, बाकी 1; त्यात 625 च्या जागी उणे 16 घातलं की 2 च्या 32व्या घाताची बाकी उणे 1 येते.

मग एक पोरगी म्हणाली, "सर, दुसरा अवयव आणखी फुटत नाही कशावरून?"

मी चाळलेल्या पुस्तकांत तिथे एवढंच होतं: "ही मूळ संख्या आहे." कशावरून? 67,00,417 चं वर्गमूळ 2,588 च्या आसपास येतं. तिथपर्यंतच्या मूळ संख्या साडेतीनशेहून जास्त. तेवढे भागाकार कोण करणार? संध्याकाळच्या संध्याकाळ मी यात घालवल्या आणि चिडचिड वाढतच गेली.

वाट मिळाली ती एका साध्या गोष्टीतून. 67,00,417 चा अवयव हा मोठ्या संख्येचाही अवयव असणारच. म्हणजे p या मूळ संख्येने भाग गेला, तर 2 च्या 32व्या घाताला p ने भागून बाकी उणे 1 येते, 64व्या घाताला 1, आणि त्याआधी 1 कधीच नाही. फर्माच्याच छोट्या प्रमेयाने p−1 व्या घातालाही बाकी 1 येते. म्हणून p−1 ला 64 ने भाग जायलाच हवा. 1878 मध्ये गणितज्ञ लुकाने हे 128 पर्यंत नेलं, म्हणजे p−1 ला 128 नेही भाग जायला हवा. मग 2,588 च्या आत उरतात फक्त पाच मूळ संख्या: 257, 641, 769, 1153, 1409. बाक्या अनुक्रमे 170, 44, 120, 334, 622. झालं! शेवटची बाकी लिहिल्यावर मला जो आनंद झाला तो खरंच सांगता येणार नाही.

641 वगळू नका, तोच अवयव दुसऱ्यांदाही येऊ शकला असता. भागाकार चौकटीच्या वहीत करा, आकडे सरकत नाहीत. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: मुलांसमोर सुरुवात 65,537 ने करा. ती 2 चा 16वा घात अधिक 1, म्हणून तिथे 128 ऐवजी 64 चालतात; 64 च्या पटीत 1 मिळवून 256 च्या आत 65, 129 आणि 193 एवढेच येतात, त्यात मूळ एकच, 193. एका भागाकारात बाकी 110 येते आणि काम संपतं.